गेमिंग लॅपटॉपमध्ये एसएसडी टाकताय? आधी खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवा

दिवाळीच्या आधी नाशिकहून भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि ५१२ जीबीच्या लॅपटॉपात चौथा गेम मावेना म्हणून हैराण होऊन नवी एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी ड्राइव्ह, घ्यायला निघाला होता. "मामा, पटकन सांग, सात हजारवाली घेऊ की साडेसात हजारवाली?" मला आधी वाटलं, किमतीबद्दल विचारतोय. तो वेगाबद्दल विचारत होता : सेकंदाला ७,००० एमबी की ७,५०० एमबी. मी विचारलं, "तुझ्या लॅपटॉपातला स्लॉट, म्हणजे ड्राइव्ह बसवायची जागा, कुठल्या प्रकारची आहे?" पलीकडे शांतता.

त्याच्या लॅपटॉपात रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर आहे. त्या मालिकेचे लॅपटॉप प्रोसेसर साधारण ३,५०० एमबीच्या पुढे जाऊच देत नाहीत. म्हणजे सात हजारवाली घेतली काय आणि साडेसात हजारवाली घेतली काय, त्याला दोन्ही सारख्याच. तो ज्या फरकासाठी जास्त पैसे मोजणार होता, तो फरक त्याच्या यंत्रात अस्तित्वातच नव्हता.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे बाजार. २०२५ च्या उत्तरार्धापासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा उचलायला सुरुवात केली, आणि रॅमपाठोपाठ एसएसडीही महागल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन कंपनीनं तर 'क्रूशल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. स्वस्ताईत चुकीची ड्राइव्ह घेतली तर हळहळून सोडून देता येतं. महागाईत ती चूक खिशाला चांगलीच लागते, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला तर जास्तच.

एसएसडी म्हणजे नक्की काय

जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते आणि तिच्यावर वाचणारं डोकं सरकत असतं. एक तुकडा शोधायला त्या डोक्याला साधारण १० ते १५ मिलिसेकंद लागतात. एसएसडीत काहीच फिरत नाही. तिच्यात चिपा असतात आणि माहिती विजेच्या भाराच्या रूपात साठवलेली असते. तुकडा शोधायला तिला मिलिसेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. ही चिप म्हणजे नॅंड फ्लॅश. तोशिबातले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती १९८० च्या दशकात घडवली.

या चिपेचा एक स्वभाव समजला की पुढच्या निम्म्या गोष्टी आपोआप उलगडतात. शाळेतला फळा आठवा. लिहायचं एकेक ओळ, पण इथलं डस्टर असं विचित्र, की ते एकदम अख्खा फळाच पुसतं. एकच ओळ नको असेल तर बाकीच्या ओळी आधी दुसऱ्या फळ्यावर उतरवून घ्यायच्या आणि मग हा फळा पुसायचा. कोरे फळे हाताशी असतील तर काम सुरळीत चालतं. सगळेच फळे भरलेले असतील तर एक ओळ लिहायलासुद्धा भली उस्तवार करावी लागते. एसएसडी गच्च भरली की मंद का होते, त्याचं उत्तर हेच.

एसएसडीने एफपीएस वाढतो का?

नाही. एफपीएस म्हणजे सेकंदाला पडद्यावर किती चित्रं उमटतात तो आकडा. ते काम ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसरचं. ४५ एफपीएसवर अडकलेला गेम नव्या एसएसडीने ६० वर जाणार नाही, आणि कुणी तसं सांगून विकत असेल तर विश्वास ठेवू नका.

मग बदलतं काय? गेम सुरू व्हायचा वेळ, एका नकाशातून दुसऱ्यात जायचा वेळ, आणि मोठ्या उघड्या जगात धावत असताना मध्येच बसणारे झटके. रस्त्याच्या टोकाच्या इमारती आधी मेणासारख्या गुळगुळीत दिसतात आणि मग एकदम स्पष्ट होतात, ते बहुतेकदा मागून माहिती वेळेवर न आल्यामुळे. आजकालचे गेम हार्ड डिस्क गृहीतच धरत नाहीत. 'बाल्डर्स गेट ३' किमान गरजांमध्येच १५० जीबी जागा आणि एसएसडी मागतो. 'स्टारफील्ड' १२५ जीबी मागतो, तोही एसएसडीवरच. म्हणून तबकडीवरून कुठल्याही एसएसडीवर येणं ही मोठी उडी आहे. एका एसएसडीवरून दुसऱ्या, जास्त वेगवान एसएसडीवर जाणं ही फार छोटी.

एम.२, एनव्हीएमई, साटा : नावांचा गुंता

दुकानात सगळ्यात जास्त फसगत इथे होते, आणि बऱ्याचदा फसवायचा हेतूही नसतो, विकणाऱ्यालाच नीट माहीत नसतं.

एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे. च्युइंग गमच्या पट्टीसारखी ती चपटी, लांबट पट्टी म्हणजे एम.२. ती पट्टी लॅपटॉपशी बोलते कशी, ही वेगळी बाब. बोलायच्या पद्धती दोन. साटा ही जुनी, हार्ड डिस्कच्या काळातली. तिचा वेग ५५० एमबीच्या आसपास संपतो. एनव्हीएमई ही २०११ साली खास फ्लॅश चिपांसाठी आखलेली, आणि ती पीसीआयई नावाच्या रुंद रस्त्यावरून चालते. त्या रस्त्याच्या पिढ्यांना जेन म्हणतात आणि दर पिढीला वेग दुप्पट होतो. चार मार्गिकांवर जेन ३ साधारण ३,५००, जेन ४ साधारण ७,०००, जेन ५ साधारण १४,००० एमबी.

म्हणजे "एम.२ द्या" एवढंच म्हटलं तर दुकानदार साटावाली पट्टी देऊ शकतो, आणि ती चूक म्हणता येणार नाही. माझ्या बाबतीत हे झालेलं आहे. काही वर्षांपूर्वी घाईत एक पट्टी घेऊन घरी आलो, स्लॉटमध्ये लावली, स्क्रू आवळला, आणि लॅपटॉपला ती दिसेचना. पट्टी साटाची, स्लॉट फक्त एनव्हीएमईचा. खोकं फोडलेलं असल्याने परत घेतली नाही. तेव्हापासून मी खोक्यावर 'एनव्हीएमई' आणि 'पीसीआयई' हे दोन शब्द बोट ठेवून वाचतो. पट्टीच्या टोकाकडेही बघा. सोनेरी दातांच्या रांगेत एकच खाच असेल तर ती बहुधा एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर बहुधा साटा.

आपल्या लॅपटॉपात काय बसतं?

लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर मॉडेलचा पूर्ण क्रमांक असतो. फक्त मालिकेचं नाव पुरत नाही. एकाच नावाखाली दरवर्षी वेगळी यंत्रं येतात. तो पूर्ण क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. त्यात चार गोष्टी शोधायच्या.

स्लॉट किती आहेत ही पहिली. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांत दोन असतात आणि दुसरा रिकामाच येतो. तसं असेल तर अर्धं काम झालं : जुनी ड्राइव्ह जागेवर ठेवायची, नवी शेजारी लावायची, विंडोजला हातही लावायचा नाही. माझा सल्ला विचाराल तर स्लॉट मोकळा असताना जुनी काढायचा खटाटोप करूच नका.

दुसरी गोष्ट प्रत्येक स्लॉटची पिढी आणि मार्गिका. दोन्ही स्लॉट सारखे असतीलच असं नाही. एक जेन ४ आणि दुसरा जेन ३, किंवा दुसऱ्याला चारऐवजी दोनच मार्गिका, असंही असतं. जेन ४ ची ड्राइव्ह जेन ३ च्या स्लॉटमध्ये बिनघोर चालते, फक्त जेन ३ च्या वेगाने.

तिसरी गोष्ट लांबी. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. बहुतेक ठिकाणी हीच लागते. काही लॅपटॉपांत २२४२ किंवा २२३० एवढीच जागा असते. आत कंपनीने आखूड पट्टी बसवलेली दिसली म्हणून स्लॉटही आखूडच असेल असं मात्र धरू नका. स्क्रूचा खांब पुढे सरकवायची सोय अनेकदा असते.

चौथी गोष्ट जाडी. काही ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंना चिपा असतात आणि सडपातळ लॅपटॉपात त्या अडतात. डेस्कटॉपसाठीचं जाडजूड ॲल्युमिनियमचं पात्यांचं कवच चढवलेली ड्राइव्ह तर लॅपटॉपात बसणारच नाही. तीच ड्राइव्ह कवचाशिवायही मिळते, ती मागा.

पण जास्त वेगवान घेतली तर बिघडलं कुठे?

बिघडत नाही, पैसे वाया जातात. खोक्यावरचा ७,००० चा आकडा एक मोठी फाईल सलग वाचतानाचा असतो. गेम तसं वाचत नाही. तो हजारो छोटे तुकडे उचलतो, ते दाबून बांधलेले असतात, आणि प्रोसेसरला ते सोडवून घ्यावे लागतात. मंडईतून भाजी दुप्पट वेगाने घरी आली, तरी निवडायला बसलेला माणूस एकच असेल तर जेवण काही दुप्पट लवकर होत नाही. म्हणून जेन ३ आणि जेन ४ मधला लोडिंगचा फरक बहुतेक गेममध्ये एखाद-दोन सेकंदांचाच राहतो.

मायक्रोसॉफ्टचं डायरेक्टस्टोरेज तंत्र याच अडथळ्यावर आहे. त्यात माहिती सोडवण्याचं काम ग्राफिक्स कार्डावर टाकता येतं. जानेवारी २०२३ मध्ये आलेला 'फोरस्पोकन' हा ते वापरणारा पीसीवरचा पहिला गेम. तेव्हापासून असे गेम आले आहेत, पण अजून मोजकेच. त्यामुळे स्लॉट जेन ४ असेल आणि किमतीत फारसा फरक नसेल तर जेन ४ खुशाल घ्या. जेन ५ लॅपटॉपसाठी मी तरी सुचवणार नाही. तिच्या पहिल्या फळीतल्या ड्राइव्ह फार तापतात, आणि गेमिंग लॅपटॉपच्या पोटात उष्णता आधीच भरपूर असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीतच ४० अंश असताना ती उष्णता जाणार कुठे? ड्राइव्ह ठरावीक तापमानाच्या वर गेली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. मग विकत घेतलेला आकडा हाती लागतच नाही.

खोक्यावर नसलेली गोष्ट : टीएलसी की क्यूएलसी

वेगाच्या आकड्यापेक्षा मला हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि नेमकं हेच बारीक अक्षरात असतं किंवा अजिबात नसतं.

औषधाच्या बाटलीवरचं प्लास्टिकचं छोटं माप आठवा. चिपेतला प्रत्येक कप्पा म्हणजे असं एक माप, आणि त्यात पाण्याऐवजी विजेचा भार. टीएलसी प्रकारात एका मापावर आठ पातळ्या ओळखायच्या असतात, त्यातून तीन बिट साठतात. क्यूएलसीत त्याच मापावर सोळा पातळ्या, चार बिट. एवढ्याशा मापावर सोळा रेघा असतील तर भरताना हात जपून चालवावा लागतो आणि रेघा लवकर पुसट होतात. म्हणून क्यूएलसी स्वस्त, पण लिहायला मंद आणि आयुष्याने कमी.

मग क्यूएलसी ड्राइव्ह सुरुवातीला झपाट्याने का लिहिते? किराणा आणल्यावर आपण पिशव्या आधी ओट्यावर ओततो आणि डबे मागाहून सावकाश भरतो. ड्राइव्हही असाच एक ओटा राखून ठेवते, त्याला एसएलसी कॅश म्हणतात. वेगाच्या चाचण्या त्या ओट्यावरच होतात. पण १५० जीबीचा गेम एकदम उतरवायला लागलात की ओटा भरतो, मग सरळ डब्यांत भरावं लागतं, आणि काही क्यूएलसी ड्राइव्हचा वेग जुन्या हार्ड डिस्कइतका खाली येतो. शिवाय ड्राइव्ह जितकी भरलेली, तितका ओटा लहान.

तिसरा शब्द डीरॅम. कुठली माहिती कुठे ठेवली याची वही ड्राइव्हला ठेवावी लागते. काहींमध्ये त्या वहीसाठी वेगळी डीरॅम चिप असते, काही लॅपटॉपच्याच रॅममधली थोडी जागा उसनी घेतात. एनव्हीएमईमध्ये उसनवारी चांगली चालते, त्यामुळे गेमिंगसाठी डीरॅम नाही म्हणून अडून बसू नका.

उदाहरणंच द्यायची तर सॅमसंगची ९९० प्रो टीएलसी आहे आणि डीरॅमवाली. डब्ल्यूडी ब्लॅक एसएन७७० टीएलसी आहे, डीरॅमशिवाय. क्रूशलची पी३ प्लस क्यूएलसी आहे. भाच्याला मी दुसऱ्या जातकुळीतली घ्यायला लावली : टीएलसी, डीरॅमशिवाय, जेन ४. जेन ३ च्या स्लॉटला जेन ४ अशासाठी, की ती किमतीत जवळपास तेवढीच पडत होती आणि पुढच्या लॅपटॉपात नेता येईल. विंडोज जिच्यावर असेल ती टीएलसीच असावी, यावर मी ठाम आहे. दुसऱ्या स्लॉटमध्ये नुसते गेम ठेवायचे असतील तर क्यूएलसीही चालते. गेम एकदा लिहिला जातो आणि शंभरदा वाचला जातो.

एसएसडी झिजते म्हणतात, मग?

झिजते, हे खरं. म्हणून कंपन्या टीबीडब्ल्यू हा आकडा देतात, म्हणजे वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील. ९९० प्रो आणि एसएन७७० च्या १ टीबी ड्राइव्हचा हा आकडा ६००, पी३ प्लसचा २२०. आता हिशेब करा. रोज ५० जीबी लिहिलंत तर वर्षाला सव्वाअठरा टीबी होतात. सहाशेला पुरायला बत्तीस वर्षं, दोनशेवीसला बारा. नुसतं खेळण्याने जवळपास काहीच लिहिलं जात नाही, आणि रोज ५० जीबी लिहिणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही. झिजेच्या धास्तीने गेम काढ-घाल टाळायची गरज नाही.

धास्ती बाळगायची ती वेगळ्या गोष्टीची. हार्ड डिस्क जाण्याआधी बऱ्याचदा कुरकुरते. एसएसडी आज आहे आणि उद्या नाही, अशी जाते. त्यातून माहिती परत मिळवणं फार अवघड. गेम पुन्हा उतरवता येतील. कॉलेजचा प्रोजेक्ट आणि आजीचे फोटो दुसरीकडे ठेवलेले असले पाहिजेत.

किती जागा घ्यावी, आणि ९३१ चं कोडं

१ टीबीची ड्राइव्ह लावली की विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि दरवेळी कुणीतरी दुकानदाराशी भांडायला निघतं. जागा कुणी चोरलेली नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या.

५१२ जीबी आता गेमिंगला कमीच. विंडोज, अभ्यासाचं सॉफ्टवेअर आणि दोन मोठे गेम, की संपली. १ टीबी हा आजचा शहाणा पर्याय. आणि फळ्यांची गोष्ट लक्षात ठेवून दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी सोडा.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी

इथे थांबा, कारण सगळ्यात जास्त रडारड याच टप्प्यावर होते. विंडोज ११ चे अनेक लॅपटॉप तुमच्या नकळत ड्राइव्हला कुलूप लावून ठेवतात. त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर म्हणतात. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारी लॅपटॉपची मूळ व्यवस्था) काही बदललं किंवा हार्डवेअर हललं, की कधी कधी निळा पडदा येतो आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर आतलं सगळं गेलं. तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याच्या पानावर ती की नोंदलेली असते. लॅपटॉप उघडण्याआधी ती बघा आणि कागदावर उतरवून ठेवा. फोटो काढून त्याच लॅपटॉपात ठेवू नका.

मग बॅकअप घ्या. वॉरंटीच्या अटीही वाचून घ्या. बऱ्याच कंपन्या स्वतः एसएसडी बसवू देतात, पण तुमच्या मॉडेलचं काय, ते तुम्हीच बघायला हवं.

बसवताना

भाचा दिवाळीच्या सुट्टीत आला तेव्हा आम्ही जेवणाचं टेबल पुसून कामाला लागलो. लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर बाहेर. खालच्या झाकणाला अकरा स्क्रू, पुढचे आखूड आणि मागचे लांब. मी त्याला कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढायला लावला आणि प्रत्येक स्क्रू त्या त्या जागी ठेवायला लावला. लांब स्क्रू आखूड जागी आवळला तर वरच्या बाजूने कीबोर्डला फुगवटा येतो. झाकणाच्या कडेला आत प्लास्टिकचे चाप असतात. तिथे लोखंडी पाते घालू नका, जुनं एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकची पट्टी घ्या आणि बिजागरीच्या बाजूने सावकाश सरकवा. टक् टक् असा आवाज येईल. तो तुटल्याचा नसतो.

आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीची वायर काढण्याचं. वायरीला ओढायचं नाही, जोडाला दोन्ही बाजूंनी नखाने ढकलायचं. हाताची स्थिर वीज घालवायला एखाद्या उघड्या धातूला स्पर्श करा, आणि हे काम गालिच्यावर बसून करू नका.

ड्राइव्ह स्लॉटमध्ये तिरकी घालायची, साधारण तीस अंशात. दात पूर्ण आत गेले की ती हात सोडल्यावरही तिरकीच उभी राहते. मग तिला खाली दाबून शेवटचा बारीक स्क्रू लावायचा. हा स्क्रू ड्राइव्हच्या खोक्यात बहुतेकदा नसतो आणि रिकाम्या स्लॉटवर कधी असतो, कधी नसतो. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटा मिळतो, तो आधीच आणून ठेवा.  लॅपटॉपच्या आत उष्णता शोषणारी मऊ पट्टी दिलेली असेल तर तिच्यावरचं पातळ प्लास्टिक काढायला विसरू नका. उलट ड्राइव्हवरचं कंपनीचं लेबल मात्र सोलायचं नाही, त्यावर वॉरंटी अवलंबून असते.

ड्राइव्ह दिसत नाही!

दुसऱ्या स्लॉटमध्ये नवी ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू केला की 'धिस पीसी'त काहीच नवीन दिसत नाही. घाबरू नका, ती कोरी आहे. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. ती विचारेल, जीपीटी की एमबीआर? जीपीटी निवडा. मग काळ्या पट्टीवर राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', एनटीएफएस, झालं. तिथेही दिसत नसेल तर आधी बायॉसमध्ये बघा. बायॉसलाही दिसत नसेल तर पट्टी नीट आत गेलेली नाही, किंवा माझ्यासारखी साटाची आणलीत.

स्लॉट एकच असेल तर

मग जुनी काढून नवी लावायची, आणि विंडोजचं काय करायचं हा प्रश्न येतो. जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल करता येते, तिला क्लोन म्हणतात. त्यासाठी नवी ड्राइव्ह आधी यूएसबीच्या डबीत घालून बाहेरून जोडावी लागते. सॅमसंगसारख्या कंपन्या आपल्या ड्राइव्हसाठी हे सॉफ्टवेअर देतात. क्लोनआधी एन्क्रिप्शन बंद करून पूर्ण उलगडू द्या. आणि क्लोननंतर वाढलेली जागा सी ड्राइव्हला जोडता आली नाही तर समजा की मध्ये रिकव्हरीचा छोटा तुकडा आडवा पडला आहे.

मला स्वतःला नव्याने विंडोज टाकणं आवडतं. लायसन्सची काळजी नको. लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजची की मदरबोर्डातच असते, ड्राइव्ह बदलली तरी ओळख पटते. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तो तयार करा. पण दोन गोष्टी त्यात आधीच टाकून ठेवा. एक, वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला वायफायची ओळख करून देणारं छोटं सॉफ्टवेअर, कारण नव्या लॅपटॉपात विंडोज इंटरनेट मागतं आणि त्याच वेळी वायफाय ओळखत नाही. दुसरी, इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरचे लॅपटॉप असतील तर इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर, झिप उलगडून. तो नसेल तर "कुठे बसवू?" या पडद्यावर ड्राइव्हची यादी कोरी दिसते. माझ्या लॅपटॉपला मी याच पडद्यापाशी अख्खी संध्याकाळ घालवली आणि नवी ड्राइव्ह खराब निघाली म्हणून परत पाठवायला निघालो होतो. 'लोड ड्रायव्हर' दाबून ते फोल्डर दाखवलं, आणि पुढच्या क्षणी ड्राइव्ह हजर.

दोन स्लॉट असून नव्या ड्राइव्हवर विंडोज टाकायचं असेल, तर तेवढ्यापुरती जुनी बाहेर काढून ठेवा. नाहीतर विंडोज जातं नवीवर आणि सुरू होण्याची किल्ली राहते जुनीवर. सहा महिन्यांनी जुनी विकायला काढलीत की लॅपटॉप सुरूच होत नाही.

सगळं चालू झाल्यावर

स्टीममध्ये सेटिंग्ज, मग स्टोरेज, तिथे नवी ड्राइव्ह जोडा आणि गेम निवडून 'मूव्ह' करा. पुन्हा डाऊनलोड करायची गरज नाही. जुना सल्ला ऐकून डिफ्रॅग (फाईलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणं) करू नका. विंडोज ड्राइव्हचा प्रकार ओळखून स्वतःच दर आठवड्याला ट्रिम चालवतं. ट्रिम म्हणजे फळ्यावरच्या कुठल्या ओळी आता नको आहेत ते ड्राइव्हला सांगणं, म्हणजे ती निवांतपणे फळे पुसून ठेवते.

एक काम मात्र पहिल्याच दिवशी करा : खरेपणाची तपासणी. भलत्याच स्वस्त, अनोळखी नावाच्या "२ टीबी" ड्राइव्हमध्ये प्रत्यक्षात फार थोडी जागा असू शकते आणि खोटा आकडा भरलेला असतो. विंडोज तो आकडा मुकाट्याने दाखवतं. 'एच२टेस्टडब्ल्यू' हे फुकट सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, पण परत करायची मुदत संपण्याआधी कळतं. 'क्रिस्टलडिस्कइन्फो'त तापमान आणि किती तास वापरली गेली तेही दिसतं. नव्या म्हणून घेतलेल्या ड्राइव्हवर शेकडो तास दिसले तर बिल घेऊन दुकान गाठा.

भाच्याच्या ड्राइव्हवर दोन तास दिसले, ते आमचेच. गेम खेळताना तापमान ६० च्या आसपास राहिलं. त्याच्या लॅपटॉपात स्लॉट एकच, म्हणून जुनी ५१२ ची पट्टी आता चारशे-पाचशे रुपयांच्या यूएसबीच्या डबीत घातली आहे, आणि दर रविवारी रात्री त्याच्या प्रोजेक्टचं फोल्डर तिच्यात उतरतं.